सुभेदारांचा पंचेचाळीस दिवसांचा कोर्स

माझे उंब्रजचे घरमालक माणसं लक्षात ठेवायचे ती त्यांनी अर्धवट सोडलेल्या औषधांवरनं. सहा फुटी पैलवान, मांडीवर थाप मारली तर शेजारच्या घरातली भांडी पडतील असा, रस्त्यानं चाललेला असायचा. आपण त्याच्या खांद्यांकडं बघत राहावं, तर हे कानाशी पुटपुटायचे, "टायफाईड. सात दिवसांच्या गोळ्या हुत्या, चौथ्या दिवशी पळाला. असल्याच्या भरवशावर सरहद्द सोडायची?"

स्वतः ते फौजेच्या दवाखान्यात अठ्ठावीस वर्षं सुया टोचून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. गावानं आठ दिवसांत 'नायब' गाळून टाकलं आणि त्यांनीही ते परत मागितलं नाही.

मी मूळचा कुंडलचा. उंब्रजच्या स्टँडसमोर मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि त्यांच्या माडीवरची खोली भाड्यानं घेतली. तीन वर्षांत त्यांनी मला एकदाही नावानं हाक मारली नाही. "कुंडलकर!" एवढंच, तेही अशा आवाजात की हायवेवरच्या ट्रकवाल्यांनी ब्रेक दाबावेत. रोज संध्याकाळी सातला अंगणात भाडेकरूंची हजेरी व्हायची. भाडेकरू मी एकटाच. तरी ते "उजवीकडून गिनती कर!" म्हणायचे, मी "एक" म्हणायचो, आणि ते समाधानानं वळून घरात जायचे. एकदा माझा मेहुणा मुक्कामाला होता, तर "दोन" ऐकून त्यांचा चेहरा असा फुलला, जणू पलटण वाढली.

औषध म्हणजे त्यांच्या लेखी हुकूम. "हुकूम निम्मा पाळला तर त्याला पाळला म्हनत्यात व्हय?" हे त्यांचं दिवसातनं चारदा. मला एकदा खोकला झाला. पाच दिवसांच्या गोळ्यांपैकी तीन दिवसांच्या खाल्ल्या, बरं वाटलं, उरलेल्या केरात टाकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. बाहेर सुभेदार, एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात केरातनं काढून धुऊन पुसलेलं पाकीट. "आ कर."

पाटणच्या बाजूला एका लग्नात तर त्यांनी कहर केला. नवरदेवाला महिनाभर आधी मलेरिया झालेला, गोळ्या चालू. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं रंगात आलेली, आणि हे पाण्याचा पेला घेऊन थेट पाटापाशी. भटजींना म्हणाले, "तुमचं मंगलाष्टक दोन मिंटं दम धरंल, मलेरिया धरायचा न्हाई." नवरदेवानं गोळी गिळली, मगच 'सावधान' झालं. मी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. मी त्या लग्नाला नव्हतोच असं जे सांगतात, त्यांचं लक्ष त्या वेळी पंगतीकडं होतं.

घरच्या म्हशीच्या कासेला सूज आली तेव्हा पाच दिवसांची इंजेक्शनं त्यांनीच दिली. तिसऱ्या दिवशी म्हैस ठणठणीत. चौथ्या दिवशी तिनं दावं तोडलं, आणि पाचव्या दिवशी सुभेदार गोठ्यात शिरताच आपणहून मान पुढं करून उभी राहिली. लोक हसतात. म्हशीला विचारा म्हणावं.

एवढा हुकमी माणूस, पण घरात मात्र त्यांचा काही हुकूम चालत नव्हता, कारण घरात ते पाहुणे होते. हे मला उशिरा कळलं. काकी म्हणजे त्यांच्या बायको, पंचेचाळिशीच्या, बारीक अंगाच्या, तरतरीत. नवरा सरहद्दीवर असताना त्यांनी ऊस लावला, तोडला, कारखान्याला घातला, मुलाला वाढवून फौजेत धाडला, पहाटेचं दूध डेअरीला घालायचं कधी चुकवलं नाही. वर्षातनं दोन महिने नवरा सुट्टीवर यायचा, तेव्हा चांगल्या कपात चहा, बशीत दोन बिस्किटं. आता कायमचा आला, तरी बिस्किटं चालूच.

एके दिवशी दुपारी दुकानात कोणी नाही असं बघून सुभेदार आले. शटर अर्धं खाली ओढलं. मला वाटलं, भाडं वाढणार.

"कुंडलकर, मोबाईलवरनं एक वस्तू मागवायची हाय. पन शपथ घ्यावी लागंल."

शपथ उभं राहून घेतली. मग त्यांनी रेजिमेंटमधल्या जुन्या दोस्तानं पाठवलेला व्हिडिओ दाखवला. अमेरिकेत एक इंजेक्शन निघालंय, पेप्टाइड म्हणतात त्या जातीचं, पोटाच्या कातडीत टोचायचं, आणि माणसाच्या मनातली विझलेली चूल पेटते, असा एकूण मतलब.

सुभेदार कपाटातल्या मोबाईलच्या कव्हरांकडं बघत बोलायला लागले. "आमच्या लग्नाला सत्तावीस वर्सं झाली. रिटायर होईस्तवर सुट्ट्या मोजल्या तर आमी चार वर्सं एका घरात ऱ्हायलो. आता तिच्यासमोर बसलो की काय बोलावं सुचत न्हाई. हात धरावा म्हनलं तर हातात धारंची बादली. माझ्यातबी आता... ते जाऊ दे. तिला नवरा मिळाला पायजे गड्या. पेन्शन मिळतीया, नवरा मिळंना."

त्यांच्या तोंडून एवढं एकसलग बोलणं, ज्यात एकाही जंतूचा उल्लेख नाही, मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही.

मी माझ्या परीनं सावध केलं. इंटरनेटवर जे होतं ते मोठ्यानं वाचलं. तिकडं हे बायकांसाठी मंजूर झालंय, पुरुषांसाठी नाही. गरज असेल तेव्हाच, पाऊण तास आधी टोचायचं. महिन्यातनं थोड्याच वेळा. मळमळतं, डोकं दुखतं, तोंड लाल होतं, रक्तदाब चढतो, आणि लागोपाठ घेतलं तर चेहरा आणि हिरड्या काळ्या पडू शकतात.

"ह्ये सगळं मी लडाखात फुकट भोगलंय," सुभेदार म्हणाले.

"आवं पण आधी एखाद्या डॉक्टरला इचारा की."

"मी सोता निम्मा डॉक्टर हाय."

"निम्मेच."

"ऱ्हायलेला निम्मा तुझ्या मोबाईलात हाय. मागव."

बारा दिवसांनी पार्सल आलं. बोटाएवढ्या काचेच्या बाटल्या, तळाला चिमूटभर पांढरी पूड, आणि वर बारीक अक्षरात 'केवळ संशोधनासाठी'. मी ते दाखवलं. सुभेदार म्हणाले, "मग आपन दुसरं काय करतोय?"

इथं त्यांनी ती चूक केली, जी जगात दुसऱ्या कुणी केली नसती. 'गरज असेल तेव्हा' हे त्यांना पटेना. "गरज कवा पडंल ह्ये कोन सांगनार? फौज काय लढाई सुरू झाल्यावर कवायत शिकती?" त्यांनी पंचेचाळीस दिवसांचा कोर्स ठरवला. रोज एक. आणि इंजेक्शनची वेळ, अर्थातच, सकाळी साडेपाच, कारण आयुष्यभर त्यांनी ज्याला ज्याला टोचलं त्याला साडेपाचलाच टोचलं होतं. हिशेब साधा होता: पाऊण तासानं, सव्वासहाला औषध चढायचं. सव्वासहाला काकी किटली घेऊन डेअरीच्या रांगेत उभ्या असायच्या. आणि साडेसहाला त्या परत येईपर्यंत सुभेदार न्हाणीत मोरीवर वाकलेले असायचे.

ओकण्याचा तो आवाज! मी माडीवर असायचो, पण पहिल्या आठवड्यात मला वाटलं उसाचा ट्रॅक्टर चढाला लागलाय. तोंड टोमॅटोसारखं लाल, डोक्याला गच्च फडकं. "बंद करा," मी म्हणायचो. "कोर्स हाय," ते म्हणायचे. बोलणं संपलं.

तिसऱ्या आठवड्यापासनं रंग बदलायला लागला. सुभेदार चांगले गव्हाळ होते. रोज सकाळी हजेरीची सबब काढून ते दुकानात यायचे आणि मी त्यांना कव्हरांशी ताडून बघायचो. सोमवारी मातकट, गुरुवारी कॉफी, पुढच्या सोमवारी तर माझ्याकडं त्या रंगाचं कव्हरच उरलं नाही, सांगलीहून मागवावं लागलं. सगळा माणूस एकसारखा बदलला असता तरी चाललं असतं. पण चेहऱ्यावर ठिकठिकाणी डाग, जुने तीळ ठळक, ओठ आणि हिरड्या जांभळट. हसले की दात असे चमकायचे की समोरचा दचकून मागं सरायचा.

मी शपथेत बांधलेला. पण गावानं शपथ घेतली नव्हती.

आमच्या गल्लीतल्या एका बाईचा नवरा वर्षभर मिरजेला उपचाराला जात होता. मोठा आजार, कॅन्सरचा. त्यालाही ओकाऱ्या व्हायच्या, त्याचाही रंग असाच काळवंडला होता. ती बाई एकदा काकींकडं विरजण मागायला आली, सुभेदारांना बघितलं आणि विरजण न घेताच गेली. त्याच आठवड्यात काकींना न्हाणीच्या फळीमागं इन्सुलिनच्या सुया आणि रिकाम्या बाटल्या सापडल्या.

त्या माझ्या दुकानात आल्या. हातात एक बाटली.

"भाऊ, ह्ये काय हाय?"

मी बाटली उलटीपालटी केली. "ताकदीचं असंल."

"खोटं बोलू नगासा. ताकदीचं मानूस लपवून घेतं व्हय?" काकींनी पदरानं बाटली पुसली, जणू देवाची मूर्ती. "मला सांगायचं न्हाई म्हनून तुमास्नी सांगितलं असंल त्यांनी. ऱ्हाऊ द्या. त्यांच्या मनाविरुद्ध मी इचारनार न्हाई. पोरालाबी कळवू नगा, ते तकडनं पळत यील."

मी उघडलेल्या मोबाईलचे स्क्रू मोजत बसलो. त्या दिवसाबद्दल मला आजही स्वतःची थोडी लाज वाटते. थोडीच, कारण जास्त वाटायला मी काही मोठा माणूस नाही.

त्यानंतर चौथ्या दिवशी काकींनी म्हैस पाटणला भावाकडं धाडून दिली. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या गोठ्यात दावं रिकामं दिसलं. आता त्या दिवसभर सुभेदारांच्या समोर, पाटावर, हाताला हात लावून बसायला लागल्या. आणि सुभेदारांची पंचाईत बघा: ज्या बायकोनं जवळ बसावं म्हणून एवढी सुई टोचली, ती जवळ बसली खरी, पण अशी, की जणू तिरडीशेजारी बसलीय. तिच्या डोळ्यांत पाणी, ह्यांच्या तोंडात पाणी सुटलेलं मळमळीचं.

"तिला सांगून टाका," मी म्हणालो.

"काय सांगू? म्या मरत न्हाई, म्या ह्याच्यासाठी घेतोय? तिच्या मनात आता माझी काय किंमत हाय आनि सांगितल्यावर काय ऱ्हाईल, इचार कर की लेका. दहा-बारा सुया ऱ्हायल्यात. रंग उतरंल. मग म्हनू, बरं झालं."

तोवर गाव भेटीला यायला लागलं. इतकी शहाळी आली की कोकण घाट चढून वर आलं असं परक्याला वाटावं. सतरा वर्षं बांधावरनं भांडत असलेला चुलतभाऊ येऊन पायाशी बसला. "दादा, त्या दोन काकऱ्यांचं रान तुझंच हाय. माझंच चुकलं." सुभेदारांनी डोळे मिटून मान हलवली आणि काकऱ्या घेतल्या. आजारी माणसानं तरी किती नाकारायचं.

आणि मग सरपंचांच्या डोक्यात आलं की अशा माणसाचा सत्कार जिवंतपणी व्हावा.

ग्रामपंचायतीसमोर मांडव पडला. कार्यक्रम सकाळी साडेनऊला. दाढी-कटिंग, कडक इस्त्रीचा ड्रेस, छातीवर पदकं, या गडबडीत सुभेदारांची साडेपाचची सुई राहिली. दुसरा कुणी असता तर एक दिवस सोडला असता. ह्यांनी पावणेनऊला टोचली आणि येऊन व्यासपीठावर बसले.

भाषणं सगळी भूतकाळात. "असा माणूस होता..." सरपंच म्हणाले. मुख्याध्यापक म्हणाले, "आमच्या शाळेच्या प्रत्येक लसीकरणाला ते असायचे." सुभेदार शेजारीच बसून ऐकत होते. बायकांच्या पुढच्या रांगेत काकी, पदर तोंडावर. शाल झाली, नारळ झाला. मग सरपंच माईकमध्ये म्हणाले, "आता सुभेदार दोन शब्द... जेवढे जमतील तेवढे." सगळा मांडव हुंदका आवरून बसला.

सुभेदार उठले. तोंड काळं, त्यावर खालून लाली चढत होती; विझत आलेल्या निखाऱ्यासारखं दिसत होतं. त्यांनी काकींकडं बघितलं, बराच वेळ. मला वाटलं, आता सांगतात. ओठ हलले. "मी..." एवढंच झालं, आणि त्यांनी हातातला नारळ माझ्याकडं फेकला, माईक धरला, आणि तालुक्याला ऐकू जाईल अशा आवाजात सरपंचांच्या पांढऱ्या विजारीवर ओकून व्यासपीठावर आडवे झाले.

जीपमधनं आम्ही कराडला नेलं. मी, काकी आणि चुलतभाऊ. डॉक्टरीणबाई सांगलीच्या, तरण्या, शांत. त्यांनी रक्तदाब मोजला, भुवया चढवल्या, परत मोजला. चुलतभावाला बाहेर बसवलं.

"कसलं औषध चालू आहे?"

सुभेदारांनी छताकडं बघितलं. "हिला भाईर पाठवा."

"मी न्हाई जायाची," काकी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "इतकी वर्सं भाईरच हुते. आता जे काय हाय ते माझ्यासमोर सांगा."

खोलीत पंखा फिरत होता. सुभेदार खाटेवर उठून बसले, पाय जुळवले, पाठ ताठ केली, आणि समोर कमांडर असल्यासारखा रिपोर्ट दिला. औषधाचं नाव, मात्रा, वेळ. कशासाठी घेतलं ते. एकही शब्द गाळला नाही. एकोणचाळीस सुया झाल्या, सहा बाकी.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे रोज घ्यायचं औषध नाही. तुमच्यासाठी तर नाहीच. रक्तदाब दुपारपर्यंत उतरेल, तोवर इथंच पडून राहा. रंग हळूहळू जाईल, सगळा जाईलच असं नाही. आणि उपयोग काही झाला?"

"उपयोगाची येळच आली न्हाई," सुभेदार म्हणाले. "सकाळी हिची डेअरी असती."

बाईंनी खिडकीकडं तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते असं मला वाटलं, पण डॉक्टर माणूस, खोकलाही असेल.

काकींनी विचारलं, "म्हंजी ह्यास्नी मोठा आजार न्हाई?"

"नाही."

"मरत न्हाईत?"

"असलं काही परत टोचलं नाही, तर नाही."

काकी उठल्या. सुभेदारांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता मुस्काटात बसणार. त्यांनी सत्काराच्या शालीचा पिळा सोडवून ती नीट घडी केली आणि म्हणाल्या, "एवढी सुई टोचून घेतलीसा. मला इचारायला त्वांड न्हवतं?"

"हुतं," सुभेदार म्हणाले. "धाडस न्हवतं."

परतीच्या वाटेवर चुलतभावानं मला तीनदा डोळ्यांनी विचारलं, मी तीनदा रस्त्याकडं बघितलं.

घरासमोर पन्नासेक माणसं जमलेली. काकी जीपमधनं उतरल्या, सुभेदारांचा दंड धरला, गर्दीतनं वाट काढत ओट्यावर चढल्या आणि वळल्या. "डॉक्टरनी सांगितलंय, ह्यांच्यापाशी कुनी बसायचं न्हाई. घरच्या मानसाशिवाय. समद्यांनी आपापल्या घरी जावा. सांच्याला, उद्याला, कवाच येऊ नगासा. मी सांगंन तवा या."

आणि दुपारी तीन वाजता, ज्या गल्लीत उजेड असेपर्यंत कुणाचं दार कधी मिटत नाही, त्या गल्लीत त्यांनी दार लावून घेतलं. आतनं कडी घातल्याचा आवाज मी स्वच्छ ऐकला.

माणसं मान खाली घालून पांगली. मी आणि चुलतभाऊ तेवढे ओट्याखाली उभे राहिलो. थोड्या वेळानं आतनं काकींचा आवाज आला. आधी दबलेला, मग न आवरणारा, मध्येच श्वास अडकून परत फुटणारा. काकींना हसताना मी तीन वर्षांत ऐकलं नव्हतं, पण हसणं ओळखायला सराव लागत नाही.

चुलतभावानं डोक्यावरची टोपी काढली, छातीशी धरली. "रडाय लागली रं बिचारी," तो म्हणाला.

"व्हय," मी म्हणालो. "लय वर्सांचं साठलं असंल."